जास्तीचे ड्रम

आमच्या डेपोत एखादी वस्तू कमी भरणं हा गुन्हा आहे, पण जास्त भरणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. पाना कमी पडला तर हरवला म्हणता येतं, मोडला म्हणता येतं, कुणाच्या तरी पगारातून कापून मोकळं होता येतं. पण पाना जास्त निघाला तर तो आला कुठून, इतके दिवस कागदावर का नव्हता, आणि तो नव्हता म्हणजे आणखी काय काय नसेल, अशी प्रश्नांची माळ लागते. जास्तीच्या वस्तूला उत्तर नसतं. म्हणून तपासणी आली की जे जास्त असेल ते नाहीसं करायचं, ही फौजेतली जुनी रीत. नदीत टाका, जाळा, पुरा, पण तपासणीच्या सकाळी दिसता कामा नये.

माझा नवरा इथला स्टोअरकीपर. त्याच्या अंगात ही रीत इतकी मुरली आहे की एकदा शेजारणीचा चमचा चुकून आमच्या भांड्यांत आला, तर याला जेवण जाईना. "हा आपला नाही," म्हणत अर्ध्या ताटावरून उठला आणि चमचा परत देऊन आला. मी हसून हसून बेजार झाले होते. आम्ही एका वर्गातले, घरात अरे-तुरे चालतं, तेव्हा चेष्टाही मनसोक्त चालायची. "मी जास्त झाले तर मला कुठे पुरशील?" असं मी त्याला विचारलं होतं. तोही हसला होता.

मी त्याच डेपोत, वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या प्रदूषण प्रतिबंध कक्षात काम करते. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. मला सगळे कचरेबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण मी खरंच कचऱ्याच्या मागे हात धुऊन लागलेली बाई आहे. जुन्या बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट, तेलाच्या चिंध्या, कशावरूनही मी माणसांना बोलते. क्वार्टर्समध्येसुद्धा बोलते. कुणी प्लास्टिक जाळलं की मी त्यांच्या दारात उभी. पहिल्यांदा लोक ऐकायचे, मग हसायचे, मग मला येताना पाहून दार लावून घ्यायला लागले.

वर्कशॉपमध्ये इंजिनांचे भाग धुवायची एक लांब शेड आहे. तिथे ग्रीस काढायला एक केमिकल वापरतात, दिसायला पाण्यासारखं, वासाला किंचित गोडसर. मी आले तेव्हा ते काळं झालं की शेडमागच्या खड्ड्यात ओतून द्यायचे आणि नवीन ड्रम फोडायचे. खड्ड्याच्या कडेला गवत उगवत नव्हतं. मी भांडून भांडून तिथे एक उंच टाकी बसवून घेतली, मळ खाली बसायला. तिच्याखाली कापडाची आणि कोळशाची गाळणी. गाळून निघालेलं केमिकल पुन्हा धुवायला. हेडमिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाला, "बाई, आता आंघोळीचं पाणी गाळून पुन्हा आंघोळ करायची का?" शेडभर हशा पिकला. पण आठवडाभरात तोच दुसऱ्या शेडमधल्या लोकांना बोलावून टाकी दाखवायला लागला.

खप निम्म्यावर आला. खड्ड्यातली घाण माती उचलून नेली, नवीन माती भरली आणि त्या उतारावर आम्ही रोपं लावली. पहिल्या रोपाला मोठ्या साहेबांनी स्वतः पाणी घातलं. ते म्हणाले, "कचरा गेटबाहेर जातच नाही असा हा पहिला डेपो असेल." त्यांना वरून मिळणारी ढाल हवी होती, सगळ्यात स्वच्छ तळाला देतात ती. मला खड्डा बंद झालेला हवा होता. दोघांचं जमलं. त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत आले.

नवऱ्याला मी तेव्हाच म्हटलं होतं, की खप कमी झालाय तर आता ड्रमही कमी मागवा.

"वेडी आहेस का," तो म्हणाला. "मागणी एकदा कमी केली की कायमची कमी. पुढे काम वाढलं आणि जास्त मागायला गेलो तर विचारतील, इतके दिवस कसं भागवलंत?"

"मग उरतील त्यांचं काय?"

"होतं अॅडजस्ट."

स्टोअरच्या भाषेत अॅडजस्ट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, दुसऱ्या डेपोला देत असतील.

आमच्या क्वार्टर्सना पाणी दोन ठिकाणचं. एक नळ, तो शहराच्या लाइनवर. साहेबांच्या बंगल्यांना आणि मेसला तो धो धो येतो, आमच्या रांगांना मात्र सकाळी थोडा वेळ करंगळीएवढी धार. दुसरी विहीर, उताराच्या पायथ्याशी, पंप बसवलेली. कागदावर ती बागेच्या पाण्यासाठी. प्रत्यक्षात सगळ्या रांगा तिचंच पाणी पितात, आणि त्या पाण्याची तारीफही करतात. वरणाला शिजायला बरं, साबणाला फेस बरा, असलं सगळं.

मागची तपासणी झाली आणि त्यानंतर नवरा रोज मेसच्या नळावरून पाण्याचा कॅन भरून आणायला लागला. म्हणाला, विहिरीच्या पाण्याचा चहा चांगला होत नाही. मला ते फार गोड वाटलं. स्टोअरमध्ये दिवसभर उभा राहून पाय दुखत असताना हा माणूस बायकोच्या चहासाठी कॅन खांद्यावर मारून आणतो. मी ते चारचौघींत मिरवलं, खोटं कशाला बोलू.

चिमूलाही सांगितलं. चिमू म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा यानेच तिला वाढवली, वेण्या घातल्या, शाळेत सोडली, लग्न करून दिलं. तिचा नवरा फौजेत ड्रायव्हर, सध्या लांबच्या पोस्टिंगवर. ती आमच्या मागच्याच रांगेत राहते. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. या वेळी सहावा लागला होता, आणि ती इतकी जपून चालायची की तिला बघून आपणही हळू चालावं.

"बायकोच्या चहासाठी कॅन," ती मला चिडवत म्हणाली, "आणि बहिणीसाठी? बहिणीने विहिरीवर मरायचं."

"त्याला सांगते, तुलाही आणेल."

"नको गं, गंमत केली. मला काय झालंय विहिरीच्या पाण्याला? दादाने सांगितल्यापासून उकळून पिते."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. दादाने उकळून प्यायला सांगितलं, बरं केलं, बाळाची काळजी असते. एवढंच.

उन्हं वाढली आणि रोपं सुकायला लागली. सगळी नाही. वरच्या अंगाची हिरवीगार होती आणि मधल्या रांगेपासून खाली, विहिरीच्या दिशेने, एकेक करत पानं वाळत चालली होती. मी माळ्यावर उखडले. तो म्हणाला, बाई, सगळ्यांना सारखंच घालतो, वाटल्यास उभ्या राहा. मी उभी राहिले. तो खरं बोलत होता. मग मला वाटलं वाळवी असेल, म्हणून एका वाळलेल्या रोपाचं मूळ बघायला मी खुरपं घेऊन बसले.

रोप हाताबरोबर आलं. खालची माती ओली होती आणि तिला तो गोडसर वास होता. आणखी उकरलं तर खुरपं पत्र्यावर घासलं. मी हातांनी माती बाजूला केली. ड्रमचं झाकण होतं. झाकणावर कारखान्याचं सील जसंच्या तसं, पिवळा रंग नवाकोरा. बाजूला मात्र खोदायच्या मशीनचा दात लागून पत्रा चेपला होता आणि चेपलेल्या जागी चीर गेली होती. शेजारी आणखी एक झाकण. त्याच्या शेजारी आणखी. मी उकरायची थांबले.

मला आधी वाटलं होतं कुणीतरी चोरून कचरा पुरला. पण हा कचरा नव्हताच. हे कोरं केमिकल होतं, न फोडलेलं, न वापरलेलं. मी टाकी बसवून, गाळणी लावून, लोकांची टवाळी ऐकून जेवढं वाचवलं होतं, तेवढं सगळं इथे मातीत होतं. पूर्वी निदान वापरून, काळं करून ओतायचे, त्यातलं बरंचसं उन्हाने उडून तरी जायचं. आता ताजं, बंद ड्रममधून, उन्हापासून लांब, खोल. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसे ते ड्रम दर महिन्याला येत राहिले आणि त्यांना जागा म्हणून माझ्याच रोपांखालची भुसभुशीत माती सापडली. तिथे आधीच खोदलेलं होतं, कुणाला संशय आला नसता. मला रडू आलं नाही, हसू आलं. एकटी बसून हसणारी बाई पाहून माळी लांबूनच परत गेला.

मग मी उताराकडे पाहिलं. वाळलेली रोपं एका पट्ट्यात खाली गेली होती आणि पट्ट्याच्या टोकाला विहीर होती. हे केमिकल पाण्याहून जड असतं. तेलासारखं वर तरंगत नाही की काढून टाकलं. ते तळाला जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं विरघळत राहतं. एकदा विहिरीत उतरलं की त्या विहिरीचं काही करता येत नाही. आपल्या हयातीत तरी नाही. शिकताना हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं.

आणि मग मला तो कॅन आठवला.

नवरा संध्याकाळी आला, कॅन ओट्यावर ठेवला आणि नेहमीसारखा म्हणाला, "टाक चहा." मी गॅस पेटवला नाही. माझे हात अजून मातीचे होते. त्याने हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि खुर्ची ओढून बसला. काही विचारलं नाही. म्हणजे मला सांगायला काही उरलंच नाही.

"किती दिवसांपासून माहीत आहे?" मी म्हटलं.

"मीच पुरले."

"विहिरीचं विचारतेय मी."

त्याने कॅनकडे पाहिलं. मग म्हणाला, "वास आला मला. तपासणीनंतर थोड्या दिवसांनी. तुला आला नाही, तुझं नाक दिवसभर त्याच वासात असतं."

"आणि तू कॅन आणायला लागलास."

"मग काय करू? मोठ्या साहेबांनी आदल्या दिवशी सांगितलं, सकाळी शेडमध्ये जास्तीचं काही दिसता कामा नये. दुसऱ्या डेपोला द्यायचे तर कागद करावे लागतात. कागद केले की कळणार, आम्ही खप म्हणून दाखवलं आणि खपलंच नाही. सही कुणाची? माझी. नोकरी जाईल, क्वार्टर जाईल, शिवाय तुरुंगात जाईन. जास्तीचं पुरायचं असतं गं, सगळे पुरतात. बूट पुरतात, तंबू पुरतात. मी विहिरीचा विचारच केला नाही. पत्रा फुटेल असं वाटलं नव्हतं."

ते खरं असावं. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

"आणि चिमू?" मी विचारलं.

"तिला उकळून प्यायला सांगितलंय."

मी त्याच्यावर ओरडले. लग्नानंतर पहिल्यांदाच. उकळून जंतू मरतात, हे सगळं जात नाही, आणि जे उडतं ते त्या बंद स्वयंपाकघरात तिच्याच नाकात जातं, असं मी त्याला ओरडून सांगितलं. तो ओट्याकडे बघत राहिला. "कॅन का नाही नेलास तिला?" मी म्हटलं. "तुझी बहीण आहे. वेण्या घातल्यास तिच्या."

"तिला नेला तर ती विचारणार का. शेजारीण विचारणार तिलाच का. मग सगळी रांग विचारणार." त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "आपल्या दोघांपुरतं चहाचं कारण चालतं."

त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

सकाळी मी मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पंखा माझ्याकडे वळवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदाही मध्ये बोलले नाहीत. मला आशा वाटली.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "चार दिवसांनी ढालीसाठी कमिटी येतेय. ती गेली की मी स्वतः उभा राहून ते काढून घेतो. शब्द देतो."

"साहेब, काढायचं ते काढा नंतर. विहीर आज बंद करा."

"आज बंद केली तर कमिटी विचारेल का बंद केली. आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्नच कुठे येतो? ती विहीर बागेची आहे. पिण्याला नळ आहे."

"नळाला पाणी येत नाही. सगळे विहिरीचंच पितात, तुम्हाला माहीत आहे."

"मला तसं कुणी कळवलेलं नाही," ते म्हणाले. बोलण्यात राग नव्हता, ते मला समजावत होते. "तुमच्या यजमानांचा विचार करा. त्यांनी सही करून ठेवली आहे. मी त्यांना वाचवायला बघतोय." मी उठले तेव्हा त्यांनी दारापर्यंत येऊन दार उघडून धरलं. इतक्या अदबीने मला कधी कुणी बाहेर काढलं नव्हतं.

नवऱ्याला वाचवायचं तर विहीर चालू राहणार, विहीर बंद करायची तर नवरा जाणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, तर माझ्या दोन्ही बाजूंना ती एकच विहीर होती. मी विहीर बंद करायचं ठरवलं. हे ठरवताना मला फार वेळ लागला नाही, आणि त्याचं मला अजून नवल वाटतं.

कक्षाच्या कपाटात माझ्या जुन्या मोहिमेचे पत्र्याचे बोर्ड होते. त्यातला एक उलटा करून मी लाल रंगाने लिहिलं, "हे पाणी पिऊ नये." विहिरीच्या पंपाला तारेने बांधला. दुपारी जाऊन पाहिलं तर बोर्ड तिथेच होता, फक्त सुलटा केलेला. माझ्याच अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं, "पाणी जपून वापरा," आणि खाली माझ्या कक्षाचं नाव. दोन जवान वाळलेली रोपं उपटून त्या जागी नवीन, हिरवी रोपं लावत होते. ती चार दिवस नक्की टिकणार होती.

मी रांगेत दारोदार गेले. पहिल्या घरात बाई म्हणाली, "आता पाणीपण का?" दुसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने हातातला तांब्या माझ्यासमोरच तोंडाला लावला आणि म्हणाला, "या डेपोत कशाला डिझेलचा वास येत नाही? मला भाकरीलाही येतो." तिसऱ्या घरात मला चहा दिला. तो मी घेतला नाही, तर घरधनीण दुखावली. एकीने तर विचारलं, मागे तुम्ही उदबत्तीचा धूर वाईट म्हणाला होता, ते राहू दे का आता, पाण्याचं बघू आधी? सगळ्या हसल्या. लांडगा आला म्हणून मी रोज ओरडले होते आणि दर वेळी लहानसा का होईना लांडगा खराच होता. पण त्यांना त्याचं काय? त्यांना फक्त माझं ओरडणं आठवत होतं. ड्रमचं मी त्यांना सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "नवीन सीलबंद ड्रम कुणी पुरतं का बाई? काहीतरीच."

बाहेरचा माणूस हेच म्हणाला असता. पण हा आतला होता, स्टोअरच्याच गोदामात हमाल. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मला वाटतं, ड्रम पुरले त्या रात्री खड्ड्यावर तोही होता.

राहिली चिमू. तिला मी शेवटी ठेवलं होतं, कारण तिला सांगणं म्हणजे तिच्या दादाचं सांगणं. पण निदान तिला तरी त्या पाण्यातून काढायचं होतं. बाकीचा डेपो ढालीसकट बुडाला तरी चालेल, असं मला तेव्हा वाटत होतं. मी घरातला कॅन उचलला आणि भर उन्हात मागच्या रांगेत गेले.

नवरा माझ्याआधीच तिथे बसला होता. स्टोअरमधून तसाच आला असावा, शर्ट पाठीला चिकटलेला. मी येणार हे त्याने ओळखलं होतं. चिमू ओट्याशी उभी होती, एक हात कमरेवर. "आज काय दोघं एकदम?" ती म्हणाली. "आणि कॅन! बघ दादा, वहिनीलाच माझी दया आली." तिने झाकलेल्या पातेल्यातलं पाणी ग्लासात ओतलं आणि भावासमोर ठेवलं. त्याने ग्लास थोडा बाजूला सरकवला.

"आत्ताच पिऊन आलो," तो म्हणाला.

"चिमू, इकडे बस," मी म्हटलं. "ते पाणी पिऊ नकोस. आजपासून या कॅनमधलंच प्यायचं. स्वयंपाकालाही हेच."

"का गं?"

मी तिला सगळं सांगितलं. साधं सांगितलं, घाबरवून नाही. ड्रम, उतार, विहीर. ड्रम कुणी पुरले ते मी सांगितलं नाही, ते त्याने सांगावं म्हणून थांबले. चिमू ऐकता ऐकता पोटावर हात फिरवत होती. मग तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "तू कधीपासून माझ्याकडे पाणी प्यायला नाहीयेस रे."

त्याने ग्लास आणखी थोडा बाजूला सरकवला.

"चहा पण घेत नाहीस. मला वाटलं पित्त वाढलंय तुझं." तिचा आवाज चढला नव्हता. ती आठवून आठवून बोलत होती. "वहिनी म्हणते तसं आहे का? तूच सांग. तू नाही म्हणालास तर नाही."

मी नवऱ्याकडे पाहत होते. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकावर आला होता आणि तो पुसत नव्हता. मला खरंच वाटलं, आता बोलेल. चुकून आलेला एक चमचा पचला नव्हता ज्याला, त्याला हे कसं पचेल? मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते, बोल, जाऊ दे नोकरी, मी सांभाळते तुला, बोल.

त्याने हात पुढे केला, बाजूला सरकवलेला ग्लास उचलला आणि प्यायला. घोट घोट नाही, एका दमात, मान मागे टाकून. ग्लास खाली ठेवला. तोंड पुसलं.

"तुझी वहिनी दमलीय," तो म्हणाला. "कमिटी येतेय ना, डोक्याला ताण झालाय तिच्या. पाण्याला काही झालेलं नाही." आणि मग, जसं काही अजून पुरेसं झालं नव्हतं, तसा ग्लास पुढे करून म्हणाला, "अजून दे थोडं."

चिमूने दिलं. तो तेही प्यायला. तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला बघवेना. जो माणूस तिला तापात मांडीवर घेऊन बसला होता तो तिच्यासमोर पाणी प्यायला होता, आणि तिला आणखी कुठला दाखला नको होता. माझी सगळी रसायनं, उतार, वाळलेली रोपं त्या एका ग्लासापुढे कुठेच नव्हती.

"किती घाबरवलंस गं," ती मला म्हणाली. तिने स्वतःसाठी ग्लास भरला.

"चिमू, तो खोटं बोलतोय. ते ड्रम त्यानेच पुरलेत. माझ्यासाठी तो कॅन त्यासाठीच आणतो. चहासाठी नाही."

"वहिनी, दादा प्यायला ना." ती समजुतीच्या सुरात म्हणाली, वेड्या माणसाशी बोलतात तशी. "विष असतं तर तो प्यायला असता का? मला पाजलं असतं का त्याने?"

मी तिच्या हातातून ग्लास हिसकावला आणि मोरीत ओतला. थोडं पाणी तिच्या साडीवर सांडलं. नवरा जमिनीकडे बघत होता. चिमूने माझ्या हातातून रिकामा ग्लास हळूच काढून घेतला, पातेल्याचं झाकण बाजूला केलं, पुन्हा भरला आणि आमच्या दोघांसमोर उभी राहून सगळा प्यायली.